थांबलेले पाऊल आणि टाळाचा ठेका



संग्रामपूर तालुक्यात काय किंवा मुंबईत काय, कंपवाताचा रुग्ण ओळखला जातो तो हाताच्या थरथरीवरून. कुटुंबाची कसोटी मात्र दुसरीकडेच लागते. सदऱ्याची बटणे लावता लावता सकाळ सरते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात आणि उंबरठ्याशी आलेले पाऊल खिळल्यासारखे थांबते. घरातली माणसे म्हणतात, “वय झाले”. कधी तर “मुद्दाम करतात” असेही म्हणतात. हा दुसरा आरोप घोर अन्यायाचा आहे.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात, हे पुढे कळले. अलीकडच्या संशोधनाने आणखी एक पदर उलगडला आहे. मेंदूच्या खोल भागातील पेशी सेकंदाला सुमारे १३ ते ३० आवर्तनांच्या ‘बीटा’ लयीत स्पंदतात. निरोगी माणसाने हात उचलण्यापूर्वी ही लय ओसरते आणि हालचालीला वाट मिळते. कंपवातात ती पुरेशी ओसरत नाही. सभेत सारेच एका सुरात एकच घोषणा देत राहिले, तर नवी सूचना ऐकू कोणाला जाणार? ताठरपणा आणि मंदपणा यांचा या लयीशी निकटचा संबंध आढळतो. थरथरीचे गणित वेगळे; तिची गती सेकंदाला ४ ते ६ एवढीच असते.

लेव्होडोपा या औषधाने बीटा लय मंदावते. हे द्रव्य आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही आहे. पण बियांतील मात्रा निश्चित नसते, म्हणून घरगुती प्रयोग नकोत. १९८७ पासून फ्रान्समध्ये बेनाबीद यांनी विकसित केलेल्या उपचारात मेंदूत तार बसवून विद्युत्स्पंदने देतात. आता ही लय ऐकून स्पंदनांचा जोर कमी-अधिक करणारी यंत्रेही आली आहेत. खर्च मात्र सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा.

परंतु बाहेरचा ठेका फुकट आहे! आतली लय अडली तरी कानावर पडणाऱ्या तालाने पाऊल उचलले जाते, कारण तिथे मेंदूच्या निराळ्या वाटा कामी येतात. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. शेगावच्या पालखीचा टाळ-मृदंग ज्यांच्या कानांत आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

पाऊल अडले तर ओढू नका. क्षणभर थांबू द्या, वजन या पायावरून त्या पायावर घेऊ द्या, मग “एक-दोन” मोजा किंवा जमिनीवरची रेघ ओलांडायला सांगा. गोळ्या अचानक बंद करणे धोक्याचे आहे. अकोल्याला किंवा नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना गोळी कधी घेतली, हालचाल कधी मोकळी झाली आणि पुन्हा कधी अडली, एवढे वहीत टिपून न्यावे.