पसरणी ते आंबेनळी : खडकांची उतरंड

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास, म्हणजे एवढ्या अंतरात रस्ता सहाशे मीटर वर जातो. रस्त्यासाठी डोंगर जिथे जिथे कापला आहे, तिथे खडकांचे थर उघडे पडले आहेत. पुढे महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले की हाच ढीग दुसऱ्या अंगाने आणि अधिक खोलवर दिसतो. तिथला उतार बाराशे मीटरहून जास्त आहे. दख्खनच्या लाव्हाचा एवढा जाड ढीग एका दिवसात पायथ्यापासून माथ्यापर्यंत न्याहाळता यावा, अशा वाटा महाराष्ट्रात थोड्याच. भूवैज्ञानिकांनी या लाव्हाच्या सर्वांत वरच्या उपगटाला वाईचेच नाव दिले. त्यातल्या तीन थरसमूहांना पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही याच वाटेवरची नावे आहेत.

हा डोंगर वाचण्याचा नियम घरातल्या उतरंडीसारखा आहे. जे मडके तळाशी ते आधी ठेवलेले, जे वर ते नंतरचे. सह्याद्रीतले थर जवळजवळ आडवेच राहिले आहेत, त्यामुळे इथे हा नियम सहसा फसत नाही. घाट चढणारा जुन्याकडून नव्याकडे जातो, उतरणारा नव्याकडून जुन्याकडे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून पातळ, वाहता लाव्हा वर आला आणि सखल भागात पसरत गेला. शंकूच्या आकाराचा, तोंडातून आग ओकणारा ज्वालामुखी इथे डोळ्यांपुढे आणायचा नाही. एकेक प्रवाह पसरून थिजला, त्यावर दुसरा आला, आणि पश्चिम घाटात हा ढीग दोन किलोमीटरहून जाड झाला. उद्रेकांचा मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला, असे आजवरची वयमापने सांगतात. झिजून उरलेला लाव्हाचा प्रदेश आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. यातला ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आणि पावसाळ्यानंतर वाईच्या खोऱ्यातून भोवतालचे डोंगर पाहिले की नाव किती चपखल आहे ते कळते. काळा उभा कडा, त्यावर गवताचा हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

या पायऱ्या प्रवाहाच्या स्वभावातून आल्या. जाड प्रवाहाचा मधला भाग सावकाश निवतो, घट्ट होतो आणि आकसताना त्याला उभ्या चिरा पडतात. हा 'काळा पाषाण' कडा धरून उभा राहतो. वरचा भाग लवकर थिजतो. बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे त्यात अडकतात आणि खडक सच्छिद्र राहतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लवकर झिजतो, त्याचा उतार होतो आणि त्या उतारावर माती धरते, झाड उगवते.

कापाजवळ उभे राहून मांजऱ्याचा हातभर तुकडा नीट पाहावा. करड्या-जांभळट दगडात वाटाण्याएवढी, कुठे लिंबाएवढी पांढरी बोंडे दिसतात. एके काळी ही बुडबुड्यांची रिकामी घरे होती. लाव्हा निवल्यावर खडकातून मुरणाऱ्या पाण्याने तिथे खनिजे साठवली. त्यांत झिओलाइट गटातली बरीच आहेत. स्टिल्बाइटचे स्फटिक गवताची पेंढी मधे आवळून बांधावी तसे दिसतात आणि त्यांवर मोत्याची झाक असते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेला निळाभोर कॅव्हान्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोहोचला आहे. घाटातली बोंडे बहुधा तेवढी देखणी नसतात, पण डोंगर आतून किती काळ ओला होता हे त्यांच्यावरून समजते.

दोन प्रवाहांच्या मधे कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कुठे चार बोटांचा, कुठे हातभर. गावचे लोक त्याला गेरू म्हणतात. सहलीत बहुतेकांची नजर काळ्या खडकावर असते आणि हा पट्टा मागे राहतो. खरे तर साऱ्या कापात सर्वांत बोलका हाच. खालचा प्रवाह थिजल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊन-पावसात उघडा राहिला, कुजला, त्यातले लोह गंजून लाल झाले. काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही मिसळलेली आहे. मग वरून पुढचा तप्त प्रवाह आला आणि त्याने ही माती भाजून काढली. म्हणून पट्ट्याचा वरचा काठ अनेकदा अधिक कडक आणि अधिक लाल असतो. काळा थर एका उद्रेकाचा आहे, तर लाल पट्टा उद्रेक थांबलेल्या काळाचा. दख्खनचा इतिहास लिहिताना या थांब्यांचा हिशोब प्रवाहांइतकाच महत्त्वाचा ठरतो. पट्ट्याची माती पाणी सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे तिच्या वरच्या सांध्यातून झरे पाझरतात. उन्हाळ्यात कोरड्या कड्यावर मधेच गवताची हिरवी रेघ दिसली, तर ती बहुधा अशाच सांध्याची असते.

कापात गोल धोंडेही दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. ते कुठून वाहत आलेले नसतात. चिरांमध्ये शिरलेले पाणी चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवते, ठोकळा गोल होत जातो आणि शेवटी त्याचा मुरूम होतो. मुरूम आणखी कुजला की काळी माती.

पाचगणीला पोहोचताच खडक बदलतो. टेबललँडचे सपाट पठार पर्यटकांना 'ज्वालामुखीचे पठार' म्हणून दाखवले जाते. हे अर्धेच खरे आहे. खाली लाव्हा आहे, पण पठाराची टोपी जांभ्याची आहे, आणि जांभा हा थिजलेला लाव्हा नव्हे. उष्ण हवामानात, आळीपाळीने येणाऱ्या ओल्या-कोरड्या ऋतूंत बेसाल्टमधली, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकातली, सिलिका आणि विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातल्या अंगडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. कोकणातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ताजा चिरा मऊ असतो, सहज कापला जातो, आणि हवा लागली की घट्ट होतो. टेबललँडच्या कड्याखाली 'डेव्हिल्स किचन' नावाची पोकळी आहे. वर कडक टोपी आणि खाली मऊ, धुपणारी माती, अशी रचना असली की तिथे पोकळ्या तयार होतात.

टेबललँडवरून भोवती पाहिले तर आणखी कितीतरी माथे सपाट आणि जवळजवळ एकाच उंचीचे दिसतात. ते एकेकाळच्या सलग भूपृष्ठाचे तुकडे आहेत. कृष्णेने आणि तिच्या ओढ्यांनी मधला भाग कोरून नेला. इथले डोंगर म्हणजे झीज होऊन उरलेला भाग आहे, हे सह्याद्रीबद्दलचे सर्वांत महत्त्वाचे विधान पुस्तकातून पटत नाही, पठाराच्या काठावर उभे राहिले की पटते.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचा उगम एकत्र मानतात. श्रद्धेने जोडलेल्या या नद्यांत कृष्णा आणि सावित्रीची वाट भूविज्ञानाच्या दृष्टीने फार निराळी आहे. कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र ६५ किलोमीटरच्या आसपास, तरीही ती पूर्वेकडे वळून सुमारे १४०० किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. पठाराचा जुना उतार तिकडे आहे. सावित्री मात्र कड्यावरून थेट कोकणात उतरते. एवढी उंची थोडक्या अंतरात उतरणारे पाणी जोराने कापते, आणि पश्चिमेकडच्या या नद्या कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सारत आल्या आहेत. महाबळेश्वरच्या आर्थर्स सीटवरून खाली दिसणारी सावित्रीची दरी हे त्याच कामाचे चालू दृश्य आहे.

आंबेनळी घाटात, प्रतापगडाचा फाटा मागे टाकून उतरताना, डोळ्यांना सगळे थर सारखेच काळे दिसतात. फरक प्रयोगशाळेत कळतो. पोलादपूर थरसमूहाच्या लाव्हात वर येताना वाटेतल्या जुन्या कवचाची भेसळ झाली आहे, आंबेनळीच्या लाव्हात ती फारच कमी आहे. थरांत गोठलेले चुंबकत्वही बदलते. खालच्या थरांत उत्तर-दक्षिण आजच्या उलट आहे, अगदी वरच्या थरांत आजच्यासारखी. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीजवळ जे लाव्हाप्रवाह आहेत, त्यांची रासायनिक घडण आंबेनळी आणि महाबळेश्वर थरसमूहांशी जुळते. म्हणजे इथला लाव्हा जवळजवळ हजार किलोमीटर वाहत गेला असावा. पृथ्वीवरच्या ज्ञात लाव्हाप्रवाहांत एवढा लांबचा प्रवास फार थोड्यांचा आहे.

ही वाट पावसाळ्यात धरू नये. कुजलेला मुरूम आणि माती तीव्र उतारावर घट्ट खडकावर नुसती टेकलेली असते, आणि पाणी मुरले की सुटते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि याच टापूतल्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. पाहणीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. हातोडी चालवायची ती सुटून पडलेल्या धोंड्यावरच. लेण्यात, गडावर किंवा स्फटिकांच्या घरट्यावर ती कधीही उगारू नये.

पोलादपूरलाही ढिगाचा तळ लागत नाही. तो दक्षिणेकडे कोयनानगरजवळच्या रासाटी येथे लागला. १९६७च्या भूकंपानंतर हा भाग सतत अभ्यासला जात आहे. तिथे घेतलेल्या विंधनविवरात ९३३ मीटर बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटी खडक आला. दोहोंच्या मधे गाळाचा थर सापडला नाही. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या त्या खडकावर लाव्हाचा पहिला प्रवाह थेट येऊन पसरला होता.