देवमाशाचे कान आणि माझी कविता

लहानपणी नानी हजरत युनूस यांची गोष्ट सांगायची. माशाच्या पोटातला तो अंधार ऐकून मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. तो मासा काय खात असेल, त्याला काय ऐकू येत असेल, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

आपण कोळसा, पेट्रोल जाळतो. त्या धुरातला साधारण पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्र गिळतो आणि पाण्यात त्याचे आम्ल होते. सोड्याच्या बाटलीत होते तसेच. कारखाने येण्यापूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या घरात आहे. फरक नखाएवढा वाटतो. पण सामूच्या मापात त्याचा अर्थ आम्लता पाव पटीहून अधिक वाढली असा होतो. पाणी अजून अल्कधर्मीच आहे, लिंबासारखे आंबट नव्हे.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियम संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लिहिले की, आम्लता वाढली की पाणी खर्जातला आवाज कमी शोषते. २०५० पर्यंत काही भागांत तो सत्तर टक्के अधिक दूर जाईल. देवमासे आणि डॉल्फिन आवाजावरच जगतात. मग जहाजांची घरघरही त्यांना लांबून छळणार! मी लगेच कविता केली, एका संमेलनात वाचली. टाळ्याही पडल्या. नंतर विज्ञान शिकवणाऱ्या एका स्नेह्याने बाजूला घेऊन सांगितले, "भाई, २०१० मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी हिशेब तपासला. गोंगाटात पडणारा फरक फार थोडा निघाला." खर्जातला आवाज मुळातच पाण्यात कमी शोषला जातो, तो विरतो ते मुख्यतः पसरल्यामुळे. कविता वहीतच राहिली.

"म्हणजे देवमासा सुखरूप?" मी विचारले. तो म्हणाला, "पोटाचे बघ."

निळा देवमासा क्रिल नावाच्या बोटभर, कोळंबीसारख्या जिवावर जगतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दक्षिण महासागरातल्या क्रिलची अंडी कार्बन डायऑक्साइड खूप वाढवलेल्या पाण्यात ठेवली, तेव्हा पिल्ले बाहेर पडण्याचे प्रमाण घसरले. २०१८ च्या प्रयोगात मोठे क्रिल मात्र तशा पाण्यात वर्षभर तगले. म्हणजे धोका अंड्यांना. आणि क्रिलची अंडी खोल बुडत जाऊन फुटतात, तिथल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त असतो.

यावर कविता अजून जमलेली नाही.