जुने नाव, नवा अर्थ

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात धाटाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात शिक्षक बोलायला उभा राहिला की अभ्यास, शिस्त आणि चारित्र्य यांवर चार शब्द ऐकायला मिळणार, असे आपण धरून चालता. ते सांगणारी माझ्याहून वडीलधारी मंडळी व्यासपीठावर आहेत. मी आज एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक माझी स्वतःची आहे. पुढे वाचनात आले की अगदी त्याच जातीची चूक २०१८ साली जगातील नामांकित संगणकतज्ज्ञांच्या हातून होता होता राहिली. त्यांनी ती कशी सावरली हे मला फार शिकवून गेले, म्हणून हा विषय घेतला.

आधी माझे सांगतो. मी तेव्हा ज्या शाळेत होतो, तेथे विद्यार्थ्यांची यादी संगणकावर असे. यादीत 'माध्यम' या मथळ्याखाली शब्दाऐवजी अंक लिहीत. १ म्हणजे मराठी, २ म्हणजे गुजराती, ३ म्हणजे उर्दू, ४ म्हणजे इंग्रजी. आता गुजराती माध्यमाचे एकही मूल त्या शाळेत कधी नव्हते. मला ती अडगळ वाटली. एका दुपारी मी गुजराती काढून टाकले आणि पुढचे अंक एकेक घर मागे ओढले. उर्दू झाली २, इंग्रजी झाली ३. चालू वर्षाची यादी नव्या अंकांनी भरली आणि यादी कशी नीटनेटकी झाली म्हणून मनात खूषही झालो.

मागील वर्षांच्या याद्या मात्र जुन्याच अंकांत होत्या. त्या वर्षांतील एका मुलीच्या वडिलांनी दाखल्याची दुसरी प्रत मागितली. मुलगी पहिलीपासून उर्दू माध्यमात शिकलेली. संगणकाने तिच्या नावापुढचा ३ वाचला आणि माध्यम छापले 'इंग्रजी'. यंत्राने हूं की चूं केले नाही. कागद स्वच्छ, शिक्का ठळक, सही झाली. पुढे प्रवेशाच्या वेळी गुणपत्रक आणि दाखला जुळेना, तेव्हा मुलीवरच संशय आला. वडील कारखान्यात पाळीवर जाणारे. त्यांचे दोन खाडे झाले. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले होते आणि एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

आता त्या संगणकतज्ज्ञांकडे वळतो. त्यासाठी कर्नेल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लष्करातला कर्नल तो वेगळा! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फळाच्या कवचातला गर. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला भाग यंत्राशी प्रत्यक्ष बोलतो, कोणत्या कामाला किती वेळ आणि किती जागा द्यायची हे ठरवतो, तो कर्नेल. आपण वापरतो ते कार्यक्रम त्याच्या बाहेर राहतात आणि लागेल ते त्याच्याकडे मागतात. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक कर्नेल लिहून सर्वांना खुला केला. त्याचे नाव लिनक्स. तुमच्या खिशातील प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत दुसरा कर्नेल उरलेलाच नाही.

या लिनसचा एक नियम फार कडक आहे. काल चालणारा बाहेरचा कार्यक्रम आज कर्नेलमधल्या बदलामुळे बंद पडला, तर दोष कर्नेलचा. कार्यक्रम लिहिणाऱ्याला बोल लावायचा नाही. डिसेंबर २०१२ मध्ये त्याने एका जाणत्या सहकाऱ्याला यावरून इतके जहाल पत्र लिहिले की ते जगभर गाजले. त्याच्या भाषेचे अनुकरण विद्यार्थ्यांनी करू नये! नियम मात्र मला पटतो. कर्नेल 'बोगोमिप्स' नावाचा एक आकडा दाखवतो. नावातच 'बोगस' आहे, कारण त्यावरून संगणकाचा वेग समजत नाही. एआरएम जातीच्या संगणकांवरून तो निरुपयोगी आकडा २०१३ साली काढून टाकला. काढणाऱ्याचे तर्कशास्त्र बिनचूक होते. पण काही कार्यक्रम तो आकडा वाचत बसलेले होते, ते अडले. शेवटी २०१५ च्या आरंभी तो बोगस आकडा मुकाट्याने परत आणावा लागला.

हा नियम चालू कर्नेलसाठी आहे. कर्नेल तयार करतानाच्या मांडणीला तो तितका लागू धरत नाहीत, आणि गोम तेथेच आहे. कर्नेल घडवताना त्यात काय घ्यायचे आणि काय नाही, याची एक फाइल असते. तिच्यात हजारो ओळी. एकेका ओळीवर एक नाव आणि त्यापुढे होय की नाही. दर वेळी एवढे प्रश्न कोण सोडवणार? म्हणून नवी आवृत्ती आली की जुनी फाइल पुढे करायची आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' ही आज्ञा द्यायची. ती जुनी उत्तरे तशीच उचलते, जी नावे आता नाहीत ती सोडून देते आणि जी नावे नवीन आहेत तेवढेच प्रश्न विचारते. सोय उत्तम. पण ती सोय नावावर विश्वास ठेवते, अर्थ तिला कळत नाही.

या मांडणीत एक प्रश्न पहाऱ्याचा होता. संगणक काम करताना अर्धवट नोंदी आणि परतीचा पत्ता स्मृतीत एकावर एक रचून ठेवतो. त्या रचनेला स्टॅक म्हणतात. एखादा खोडसाळ माणूस नेमल्यापेक्षा जास्त मजकूर तेथे कोंबून परतीचा पत्ता पुसू शकतो आणि आपल्या सोयीचा पत्ता लिहू शकतो. म्हणून मध्ये एक गुप्त अंक ठेवतात. काम संपताना तो जागेवर नसला तर संगणक तेथल्या तेथे थांबतो. या अंकाला 'कॅनरी' म्हणतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत, त्यावरून हे नाव. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना त्या पक्ष्याची योग्यता मी काय सांगावी!

२०१८ च्या वसंतात या पहाऱ्याचे चार पर्याय होते. अजिबात नको, साधा, कडक, आणि चौथा 'ऑटो', म्हणजे तुमच्या साधनांना झेपेल तो सर्वांत चांगला. चारांतून एकच निवडायचा. मग मांडणी करणारी यंत्रणाच सुधारली. साधनांना काय झेपते हे ती स्वतः आधी तपासू लागली, तेव्हा 'ऑटो'ची गरज संपली आणि तो काढून टाकला. प्रश्न दोनच राहिले. साधा पहारा हवा का? आणि वर कडक हवा का? साफसफाई छान होती. लिनसनेही ती छानच म्हटली.

पण आता जुनी फाइल घेऊन बसलेल्या माणसाचे काय झाले पाहा. त्याने 'ऑटो' निवडला होता, म्हणजे मुळात त्याला कडक पहारा मिळत होता. परंतु चारांतून एकच निवडायचा असल्यामुळे त्याच्या फाइलमध्ये 'कडक' या नावापुढे 'नाही' असे लिहिलेले होते. आधी त्या 'नाही'चा अर्थ होता, 'मी हे वेगळे निवडलेले नाही, ते ऑटोमधून येते.' साफसफाईनंतर त्याच ओळीचा अर्थ झाला, 'मला कडक पहारा नको.' 'मेक ओल्डकॉन्फिग'ने साध्या पहाऱ्याचा प्रश्न विचारला, कारण ते नाव नवे होते. कडक पहाऱ्याचा विचारलाच नाही. उत्तर तर फाइलमध्ये होते! ज्याने सर्वांत चांगले मागितले, त्याच्या पदरात सर्वांत कमकुवत पडणार, आणि त्याला पत्ताही लागणार नाही. माझ्या यादीतला ३ आठवला की नाही?

आपल्यापैकी जे कारखान्यात आहेत त्यांनी क्षणभर असे समजावे की एका पाइपावरचा ७ क्रमांकाचा वॉल्व्ह काढून टाकला आणि तो क्रमांक शेजारच्या वॉल्व्हला दिला. रात्रपाळीच्या माणसाच्या हातात मात्र जुनीच सूचना आहे, '७ बंद ठेवा'. सूचना चुकीची नाही, माणूसही चुकत नाही.

जून २०१८ मध्ये, ४.१८ ही आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वीच, लिनसच्या हे ध्यानात आले. त्याने काय केले? 'ऑटो' परत आणला नाही, साफसफाईही उलटवली नाही. दोन्ही उरलेल्या प्रश्नांची नावे त्याने बदलली. नावांच्या आरंभी 'सीसी' ही दोन अक्षरे होती, तेवढी काढून टाकली. झाले. आता जुन्या फाइलमधली 'नाही'ची ओळ कोणत्याच नावाशी जुळत नाही, म्हणून ती गळते. आणि प्रश्न नवे दिसतात, म्हणून यंत्रणा माणसाला थांबवून विचारते. शिवाय काही न सांगता पुढे गेलात तर उत्तर 'होय' धरले जाते. ज्याला दोन अक्षरे काढण्यात काय मोठे असे वाटत असेल, त्याने माझ्यासारखा एखादा दाखला छापून पाहावा.

विद्यार्थी मित्रांनो, ही युक्ती तुमच्या आजोबा-पणजोबांनी हातात खेळवलेली आहे. पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. दशमान नाण्यांचा कायदा १९५५ साली संसदेने केला. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण येथून जवळच्याच रोह्यात गेले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. या शंभराव्या भागालाही नुसते 'पैसा' म्हटले असते तर काय झाले असते? दुकानदाराच्या वहीत 'उधारी तीन पैसे' असे लिहिले असते तर ते कोणते पैसे? म्हणून नाण्यावर 'नया पैसा' असे लिहिले आणि तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हेही त्यावर छापले. जुनी नाणी एकदम बाद केली नाहीत. ती काही काळ बरोबरीने चालली. चार आणे म्हणजे २५ आणि आठ आणे म्हणजे ५० हे बरोबर बसत होते, एका आण्याचे मात्र सव्वा सहा होत, ते ६ धरले. लोकांची जीभ आणि हिशेब नव्या पैशाला सरावल्यावर, १ जून १९६४ पासून, 'नया' हा शब्द गळला. सात वर्षे त्या दोन अक्षरांनी पहारा केला.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिल्ह्याचे. अंतुलेसाहेब मुख्यमंत्री असताना १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. येथे नाव बदलले, वस्तू तीच राहिली. तुमच्या घरात आजोबांचा एखादा दाखला असेल, त्यावर 'जिल्हा कुलाबा' असेल. तो आजही कोणाची फसवणूक करीत नाही, कारण कुलाबा हे नाव दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला दिलेले नाही. जुन्या नावाने आलेल्या माणसाला नवे दार दाखवता येते. पण त्याच नावाचे दार दुसऱ्याच्या घरात उघडू लागले तर काय करणार?

जुने कधी काढूच नये असे मी म्हणत नाही. चालू कर्नेलच्या मांडणीत एकेका गोष्टीला अंक देऊन ती बदलण्याची एक जुनी पद्धत होती; अंकांऐवजी नावांनी बदलण्याची पद्धत रुळल्यावरही ती अनेक वर्षे तशीच ठेवली. तिचा वापर करू नका अशी सूचना वर्षानुवर्षे दिली जात होती. वापरणारे जवळजवळ कोणी उरले नाहीत हे पाहून मगच, जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीत, ती काढली. इतकी वर्षे थांबणे मला आधी आळस वाटे, आता वाटत नाही.

मुलीचा दाखला दुरुस्त करून मी स्वतः नेऊन दिला. तिला प्रवेश मिळाला. यादीचेही मी काम केले. मथळा 'माध्यम' होता तो 'शिक्षणाचे माध्यम' असा केला, म्हणजे जुनी यादी उघडली की संगणकाला मथळा सापडत नाही आणि तो थांबतो. उर्दूला ३ आणि इंग्रजीला ४ परत दिले. २ हा अंक रिकामा ठेवला. या शाळेत आल्यावरही मी तोच तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून संगणक कक्षातील कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. त्यात २ च्या समोर लाल शाईने लिहिले आहे : 'पूर्वी गुजराती. हा अंक दुसऱ्या कशालाही देऊ नये.' ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जरूर यावे, कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे.