स्वस्त विजेरीचा खरा हिशेब



घरोघरी अडगळीचा एक नवा खण तयार झाला आहे. चार्ज न होणारी विजेरी, फुगलेली पॉवर बँक, एकाच कानात वाजणारे इअरबड आणि मुकी झालेली डासांची रॅकेट असा त्याचा ऐवज. यातील प्रत्येक वस्तू ऑनलाइन, घसघशीत सवलतीत आलेली असते आणि पहिल्या दिवशी उत्तम चाललेली असते. खरेदीदार पाच तारे देतात ते पहिल्या आठवड्यात. बॅटरीची परीक्षा मात्र दुसऱ्या वर्षी होते.

बॅटरी थकते हा रसायनाचा धर्म आहे. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. तथापि या बॅटरीलाही वय असते. सर्वसाधारण सेल 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज झाला की त्याची क्षमता मूळच्या सुमारे 80 टक्क्यांवर येते. रोज पूर्ण चार्ज होणारी वस्तू वर्ष-दीड वर्षात मंदावली, तर ती फसवणूक नव्हे.

फसवणूक सुरू होते ती अन्यत्र. विजेरीत बहुधा ‘18650’ हा सेल असतो. हा आकडा 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी सांगतो. एवढ्या आकारात उत्तमातील उत्तम सेलची क्षमता साधारण 3,500 मिलिअँपिअर-तास असते. तरीही काही स्वस्त सेलवर 9,900 छापलेले आढळते. जे सेलमध्ये मावत नाही, ते वेष्टनावर मात्र सहज मावते!

दुसरी काटकसर डोळ्यांना दिसत नाही. असा सेल सामान्यतः 4.2 व्होल्टला पोहोचताच चार्जिंग थांबले पाहिजे आणि तो फार रिकामा होण्याआधी वापर तुटला पाहिजे. हे करणारे संरक्षक सर्किट गाळले वा निकृष्ट वापरले, की किंमत उतरते. पण सेल अकाली मरतो, फुगतो, प्रसंगी पेटतो. काही स्वस्त विजेऱ्यांत आणि रॅकेटमध्ये शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती रिकामी ठेवली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. पावसाळ्यासाठी जपून ठेवलेला दिवा नेमका वीज गेल्यावर दगा देतो, तो यामुळे. अशी वस्तू वापरात नसली तरी दर एक-दोन महिन्यांनी चार्ज करावी.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. शेतीला रात्रीच्या पाळीने वीज मिळते, तेव्हा पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात हीच विजेरी असते. बांधावर ती विझली, तर पायाखालचा साप त्याला कोण दाखवणार?

पैशांचाही हिशेब सरळ आहे. समजा, 400 रुपयांची विजेरी 8 महिने टिकली, तर महिन्याला 50 रुपये पडले. 1,200 रुपयांची 4 वर्षे टिकली, तर अवघे 25.

म्हणून सेल बदलता येईल अशी वस्तू निवडावी. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. बिल जपावे, परत करण्याच्या मुदतीतच वस्तू पूर्ण चार्ज करून किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे. विक्रेता दाद देत नसेल, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आपल्या आधीच्या पिढ्या भांडे घेताना ते वाजवून घेत. बॅटरी वाजवून पाहता येत नाही. तिचा क्रमांक, तिचा सेल आणि तिची मुदत मात्र पाहता येते. एवढे पाहिले, तरी अडगळीचा तो खण पुष्कळ रिकामा राहील.