नव्या बिऱ्हाडाचा कचरा

नव्या गावी बिऱ्हाड थाटताना गृहिणी दूध कोठून येते, नळाला पाणी केव्हा सुटते आणि मुलांची शाळा किती दूर आहे, याची चौकशी आधी करते. घरातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंचा विचार तिला सहसा दुसऱ्या दिवशी सकाळी सुचतो. सामानाचे खोके रिकामे झालेले असतात, जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे अंगणात पडलेले असतात आणि स्वयंपाकघरात भाजीची देठे व चहाचा चोथा साठू लागलेला असतो. हे सारे कोणाच्या हाती द्यावयाचे?

पुण्याहून किंवा नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला तो मुलूख अगदीच परका नाही. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी ठरली. तथापि कचऱ्याची भाषा मात्र नव्याने शिकावी लागते. ओला-सुका येथे गीला-सूखा होतो, पुण्याकडच्या भंगारवाल्याचा कबाडीवाला होतो आणि आपल्या उकिरड्याला छत्तीसगडी माणूस घुरुवा म्हणतो.

हा घुरुवा म्हणजे जुन्या संसाराची मोठी सोय होती. शेण, राख, पालापाचोळा त्यात कुजे आणि खत होऊन शेतात जाई. आजच्या टोपलीत मात्र दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, विजेरीचे संपलेले सेल आणि फुटकी काचही असते. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्यास सांगितले. त्यामागील कारण साधे आहे. डाळीच्या पाण्यात भिजलेला कागद कबाडीवाला घेत नाही. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला, म्हणजे त्यातून मिथेन वायू निघतो. तो पेट घेतो, आणि खाली झिरपणारे पाणी विहिरी नासवते.

यावर अनेक सुजाण माणसेही म्हणतात, ‘पुढे गाडीत सारे एकत्रच होणार, मग घरी वेगळे करून काय लाभ?’ या शंकेला छत्तीसगडातच उत्तर मिळाले आहे. रायपूरपासून तीनशेहून अधिक किलोमीटरांवर, सरगुजा जिल्ह्यात, अंबिकापूर हे शहर आहे. तेथे २०१५ पासून बचतगटांच्या स्त्रियांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. केंद्रावर नेऊन त्या कागद, काच, धातू, प्लास्टिक असे त्याचे अनेक प्रकार निवडू लागल्या. नागरिकांकडून मिळणारे शुल्क आणि विक्रीचे पैसे यांवर हा व्यवहार उभा राहिला, आणि जेथे शहराचा कचरा साठत असे, त्या जागी बाग झाली. पुण्यातही १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली होती. दोन्ही ठिकाणी काम उभे राहिले ते वेचणाऱ्या हातांच्या बळावर.

नव्या बिऱ्हाडाने पहिल्याच आठवड्यात शेजारणीला विचारावे, गाडी केव्हा येते आणि कबाडीवाला काय घेतो. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवावी. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून निराळी द्यावी. भाजीपाल्याच्या कचऱ्यासाठी भोके पाडलेले एखादे जुने मडके पुरते. मात्र रायपूरचा उन्हाळा कडक असतो. तेव्हा ते सावलीत ठेवून वरचेवर पाणी शिंपडावे, आणि पावसाळ्यात त्यावर झाकण घालावे. अशा घरी ‘पुढे सारे एकत्रच होते’ ही तक्रार निम्मी उरते, कारण ओला भाग घराबाहेर जातच नाही.

सुक्या कचऱ्याचा डबा मात्र बाहेर जातो, आणि तेथे कोणीतरी स्त्री तो उघडते. आतली काच गुंडाळलेली आहे की उघडी, यावर तिचा तो दिवस अवलंबून असतो. तिला त्या घराचे नाव ठाऊक नसते. पण ते घर तिला चांगले ठाऊक असते.