चूर्ण किती बारीक असावं?



१८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदिक औषधांचं धूतपापेश्वर सुरू केलं ते याच पनवेलात. त्यामुळे भरड, चूर्ण, वस्त्रगाळ हा भेद तुम्हाला समजावून सांगायला नको. आज मी बोलणार आहे ते चाळणीबद्दल. पान किती बारीक करावं आणि त्यामुळे त्यातल्या सुगंधी तेलाच्या गुणात काय फरक पडतो?

तुळशीचं पान भिंगाखाली धरा. पानावर बारीक चकाकते ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी. बोटानं चुरडल्या की वास सुटतो. या तेलात बहुधा युजेनॉल असतं, लवंगेतलंच. ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि ऑक्सिडीकरणाची साखळी तोडतं. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येतं. डीपीपीएच या रसायनाच्या गर्द जांभळ्या द्रावणात तेल मिसळलं की रंग उतरत पिवळट होतो. किती उतरला, ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतात.

आता दळण्याकडे येऊ. एक मिलिमीटरच्या घनाचे ०.१ मिलिमीटरचे तुकडे केले, तर हजार तुकडे होतात आणि पृष्ठभाग दहापट वाढतो. दालचिनीच्या जाड पानात तेल आतल्या पेशींत कोंडलेलं असतं. तिथे कुटण्याचा फायदा उघड आहे. तुळशीचं तेल मुळात बाहेरच, तिथे फायदा कमी. शिवाय पीठ फार बारीक झालं, की वाफेनं तेल काढायच्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात त्याचे गठ्ठे बनतात. वाफ मग त्यांना वळसा घालून फटींतून निघून जाते. दळताना यंत्र तापतं, हलकी तेलं तिथेच उडतात आणि उरलेल्यांना हवा लागते.

खरी गफलत पुढे होते. हलके घटक उडाले, की मागे राहिलेल्या तेलात जड युजेनॉलचं प्रमाण वाढू शकतं. चाचणीत ते तेल थेंबाला थेंब जास्त जोरदार ठरतं. पण त्याच पानातून हाती आलेलं एकूण तेल घटलेलं असतं. म्हणजे थेंब जिंकला आणि पान हरलं! म्हणून निष्कर्ष वाचताना आधी विचारायचं: हा गुण तेलाच्या ग्रॅममागे मोजलाय, की पानाच्या? आणि काचनळीतला रंग उतरला म्हणजे शरीरातला आजार उतरला, असंही नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना हा विवेक होता. काढ्याला भरड, पोटात घ्यायच्या चूर्णाला कपडछान. शार्ङ्गधरानं तर चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होतं, असं सांगून ठेवलं आहे. आजची औषधसंहिता चूर्णाचा बारीकपणा चाळणीच्या नंबरांत सांगते: ४४ नंबरची भोकं ३५५ मायक्रॉनची, ८५ नंबरची १८० मायक्रॉनची.

तेव्हा 'जितकं बारीक तितकं गुणकारी' हे डोक्यातून काढून टाका. सुगंधी पान सावलीत वाळवा, अख्खं ठेवा, लागेल तेव्हाच कुटा. पुडी विकत घेताना दळल्याची तारीख विचारा. आणि इथे बसलेल्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पात तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: चाळणीचा नंबर, दळताना चढलेलं तापमान आणि पानाच्या वजनामागे निघालेलं तेल. यांतली एक जरी गाळली, तरी दोन प्रयोगांची तुलना करता येत नाही.