शाळेचा कारभार गावाच्या हाती



मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी कुणी रोख रक्कम दिली, कुणी सिमेंटची पोती दिली, कुणी श्रमदान केले. पै-पैचा हिशेब गावासमोर वाचला गेला, म्हणून विश्वास टिकला. शाळेचा कारभारही याच रीतीने चालावा, अशी तरतूद कायद्यात आहे.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे वाशीम जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांतही शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान मिळावे, असा नियम आहे. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे ही तिची कामे.

अडचण वेगळीच असते. सोयाबीनच्या सोंगणीत सभेला बसावे, तर मजुराचा रोज बुडतो. मग कागद घरी येतो, माउली सही करते आणि सभा झाल्याची नोंद होते. अशा सहीने छपराची गळती थांबत नाही, की गैरहजर मुलाची चौकशी होत नाही. म्हणून सभा दिवेलागणीला शाळेतच भरवावी, हिशेब मोठ्याने वाचावा आणि समजल्यावाचून कुणी सही करू नये.

गाडगेबाबा याच वऱ्हाडच्या मातीतले. मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनाचा आग्रह होता. ज्या हातांनी देवळाला दगड दिला, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ शाळेला द्यावी, हीच प्रार्थना.